थंडीत भाताचं काय बिघडतं? उन्हाळी भात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी मुंबईत आणि खाचरं कर्जत, मुरबाड, वाडा, माणगाव किंवा थेट सावंतवाडीकडे, असे आपल्यात पुष्कळजण आहेत. पावसाळी भात घरची माणसं निभावून नेतात. अडचण येते ती उन्हाळी भाताला, ज्याला तळकोकणात वायंगणी शेती म्हणतात. डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात: रोप पिवळं पडलंय, वाढतच नाही, पाणी ठेवू की काढू? आणि कापणीच्या तोंडावर सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न येतो, लोंब्या माना न टाकता ताठ उभ्या का? हे सगळे प्रश्न एकाच धाग्याचे आहेत, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

भाताला बाधणारी थंडी म्हणजे नेमकी किती?

दव गोठायची, हिम पडायची गरज नसते. भात हे उष्ण हवेचं पीक. गहू-हरभऱ्याला मानवणारी थंडी भाताला सोसत नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले जपानी शास्त्रज्ञ शोइची योशिदा यांनी पिकाच्या प्रत्येक अवस्थेसाठी खालची मर्यादा दिली आहे. बी रुजायला किमान १० अंश सेल्सिअस, रोप नीट उभं राहायला १२ ते १३, लावणीनंतर मुळं धरायला १६. फुटवे ९ ते १६ अंशांच्या खाली अडतात. लोंबी पोटात तयार होताना १५ ते २० लागतात आणि फुलोऱ्याला तर २२. जातीप्रमाणे हे आकडे थोडे वरखाली होतात.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. पीक जसं मोठं होतं तसं ते थंडीला निबर होत नाही, उलट हळवं होतं. मुंबईकर ज्या सतरा-अठरा अंशांना गुलाबी थंडी म्हणतो, त्याच आकड्याला पोटरीतल्या, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असलेल्या, भाताचं नुकसान सुरू होऊ शकतं.

थंडीने रोपाच्या आत होतं तरी काय?

जानेवारीत मुंबईतसुद्धा बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं, आणि थंडीत तेही असंच घट्ट व्हायला लागतं. मऊ, लवचीक आवरणातून क्षार आणि पाणी हवं तेवढंच आतबाहेर होतं. ते घट्ट झालं की गळती लागते, पेशीतले क्षार बाहेर झिरपतात. पुढचं सगळं इथून सुरू होतं.

मुळं पाणी कमी ओढतात. म्हणून खाचरात घोटाभर पाणी असूनही सकाळच्या उन्हात पानं गुंडाळलेली, तहानलेली दिसतात. नवीन हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून कोवळं पान पिवळं किंवा पांढुरकं येतं. त्यात आपल्याकडचा हिवाळा म्हणजे रात्र गार आणि दिवस लख्ख. थंडीने मंदावलेलं पान तेवढा सूर्यप्रकाश वापरू शकत नाही आणि तो न वापरलेला प्रकाशच पानाला इजा करतो. थंडी-ऊन-थंडी असं चक्र चाललं तर पानावर आडवे फिकट पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले तर औषधाच्या दुकानात धावू नका. त्यावर फवारणी नसते. हवा तापली की नवीन पान हिरवं येतं.

पेपरात मुंबईचं तापमान येतं, त्यावरून गावचा अंदाज बांधू का?

नको. ही चूक फार महागात पडते.

बातमीतला आकडा बहुधा सांताक्रूझचा असतो, कधी कुलाब्याचा. दोन्ही ठिकाणी समुद्र हाकेवर आहे आणि समुद्र रात्री हवेला फार गार होऊ देत नाही. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. एरवी तिथे जानेवारीची पहाट सोळा-सतराच्या आसपास असते. त्याच पहाटे कर्जत, बदलापूर, मुरबाडकडे पारा तीन-चार अंशांनी खाली असणं नेहमीचं आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि शेत डोंगराच्या पायथ्याच्या खोलगट भागात असेल, तर गार हवा उताराने येऊन तिथेच साचते. एकाच गावात वरच्या माळावरचं आणि ओहोळालगतचं खाचर यांच्यातही फरक पडतो.

किमान-कमाल नोंदवणारा साधा तापमापक आणा, शेतावर सावलीत टांगा आणि घरच्या कुणाला तरी सकाळी फोटो पाठवायला सांगा. सगळ्या अंदाजांपेक्षा तो कामाचा.

बी पेरलं पण विरळ उगवलं. थंडीने की बीच खराब?

दोन्ही शक्य आहे, आणि तपासणं सोपं आहे. त्याच पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात उबेला ठेवा. तिथे भराभर मोड आले तर बी चांगलं आहे, दोष वाफ्यातल्या थंडीचा.

गार मातीत बी रुजतं पण रेंगाळतं, आणि रेंगाळलेल्या बियाला बुरशी गाठते, पाखरं टिपतात. म्हणून हिवाळ्यात कोरडं बी फेकू नका, रहू करून पेरा: चोवीस तास भिजवायचं, निथळून गोणपाटात बांधायचं, वर पेंढा दाबायचा आणि मोड येईपर्यंत उबेला ठेवायचं. रात्री गारठा असेल तर भिजवण्यासाठी कोमट पाणी घ्या. मोड नुकता फुटला की पेरा. लांब होऊ दिला तर पेरताना मोडतो.

दाढीत, म्हणजे रोपवाटिकेत, रोप थांबलंय. महिना होत आला तरी वीतभरही नाही. काय करावं?

आधी हे समजून घ्या की थांबलेलं रोप मेलेलं नसतं. बुंधा चिमटीत धरून पाहा. तो टणक असेल, आतलं कोवळं पान हिरवट असेल आणि मुळं पांढरी असतील, तर ते उबेची वाट बघतंय.

उपाय पाण्याचा आहे. संध्याकाळी वाफ्यात विहिरीचं पाणी घ्या. हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. तेच पाणी रात्रभर रोपाच्या बुंध्याशी ऊब धरतं, कारण पाणी हवेपेक्षा हळू थंड होतं. सकाळी ते गार झालेलं पाणी काढून टाका आणि दिवसा अगदी उथळ पाणी ठेवा, म्हणजे उन्हाने माती तापेल. रोज शक्य नसेल तर निदान गारठ्याच्या लाटेत करा. नदी-ओहोळाचं थेट गार पाणी वाफ्यात सोडायचं असेल तर आधी लांब, उथळ चरातून फिरवून आणा. पाणी शिरतं त्या कोपऱ्यातलं रोप इतरांपेक्षा पिवळं दिसत असेल, तर गुन्हेगार पाणीच आहे.

बंगाल, आसाम आणि बांगलादेशात बोरो भाताची रोपं ऐन थंडीत वाढवतात. तिथले शेतकरी रात्री रोपवाटिकेवर पारदर्शक प्लास्टिक घालतात, दिवसा काढतात, आणि सकाळी दोघं दोन बाजूंनी दोरी धरून रोपांवरून ओढतात. पानांवरचं दव त्याने झटकलं जातं. दोरीला पैसे लागत नाहीत आणि दव गेल्याने करप्याचाही धोका कमी होतो. आपल्याकडे ही पद्धत फार दिसत नाही. ती यावी असं मला मनापासून वाटतं.

वाफ्यावर राख पसरायची जुनी चाल आहेच. काळी पडलेली माती ऊन जास्त धरते आणि राखेतून थोडं पालाशही मिळतं. करायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. युरिया मारून मात्र रोप पळवायला जाऊ नका. थंडीत मुळं ते उचलतच नाहीत, आणि उचललं तर रोप लुसलुशीत होऊन गारठ्याला आणखी बळी पडतं.

मग लावणी किती दिवसांच्या रोपाची करायची?

दिवस मोजू नका, पानं मोजा. पावसाळ्यात एकवीस ते पंचवीस दिवसांत जे रोप तयार होतं, त्याला थंडीत पस्तीस-चाळीसही लागतात. चार-पाच पानं आली की रोप तयार, मग तारीख कोणतीही असो. आणि लावणीनंतरचा आठवडा जरा उबदार मिळेल असं बघा. रात्रीचा पारा तेरा-चौदाला टेकलेला असताना मजूर मिळाले म्हणून लावणी उरकली, तर रोप दोन आठवडे मुळं न धरता नुसतं उभं राहतं.

लावल्यावर पानांवर तपकिरी ठिपके आले, वाढ खुंटली. हीसुद्धा थंडीच का?

बहुतेकदा थंडी आणि जस्ताची कमतरता, दोन्ही मिळून. गार, सतत पाणथळ मातीत रोपाला जस्त उचलता येत नाही. खालच्या पानांवर गंजासारखे डाग येतात आणि मधल्या शिरेजवळ फिकटपणा दिसतो. माती परीक्षणात जस्त कमी आलं असेल तर झिंक सल्फेट द्या, आणि खाचर दोन दिवस थोडं सुकू द्या. पानं जांभळट दिसत असतील तर स्फुरदाकडे लक्ष द्या, तेही गार मातीतून नीट मिळत नाही.

पीक हिरवंगार होतं, फुटवेही भरपूर. तरी अर्धे दाणे पोचट का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पानावरची थंडी दिसते म्हणून आपण तिला घाबरतो. पण पीक खरं लुटलं जातं ते आपल्याला काहीच दिसत नसताना.

भात निसवण्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, साधारण दहा-बारा दिवस आधी लोंबी अजून पोटरीत, पानाच्या आवरणात असते. त्या दिवसांत प्रत्येक फुलाच्या परागकोशात परागकण नुकते जन्माला येत असतात. परागकोशाच्या आत त्यांना भरवणारं एक अस्तर असतं. थंडी पडली की हे अस्तर भरवायचं सोडून स्वतःच फुगत जातं. पानात तयार झालेली साखर परागकणांपर्यंत पोचत नाही. परागकण थोडे होतात, आहेत ते पोकळ राहतात, आणि फुलोऱ्याच्या दिवशी परागकोश नीट फुटतही नाही.

होक्काइडो हे जपानचं उत्तरेकडचं बेट, तिथे १९७० च्या आसपास तेत्सुओ साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दिवस फार बारकाईने शोधून काढले. त्यांच्या प्रयोगांत १२ अंशांची चार दिवसांची थंडी याच टप्प्यावर दिली की लोंबी मोठ्या प्रमाणात वांझ व्हायची. तीच थंडी थोडी आधी किंवा नंतर दिली तर नुकसान कमी. आणखी एक शोध मला फार बोलका वाटतो: अशा थंडी लागलेल्या फुलांवर निरोगी झाडाचे पराग टाकले तर दाणा भरतो. म्हणजे स्त्रीकेसर धडधाकट असतो, मार बसतो तो फक्त परागाला.

झाड मात्र हिरवंच राहतं. दाण्यात जायची साखर पानात, खोडात उरते, त्यामुळे पीक नेहमीपेक्षाही टवटवीत दिसतं. शेजारी येऊन कौतुक करून जातो. रिकामी लोंबी वजन नसल्याने वाकत नाही, आणि ताठ लोंब्यांचं कोडं तिथे सुटतं.

आता आपल्यापुरतं बोलायचं तर, कोकणात दिवसा तीस-बत्तीस अंश असतात. रात्रीची कसर दुपारची ऊब बरीच भरून काढते, त्यामुळे होक्काइडोसारखी सरसकट वांझ लोंबी इथे क्वचितच. एखादी गार रात्र आली म्हणून हातपाय गाळू नका. लागोपाठ चार-सहा पहाटे पंधरा-सोळाच्या खाली गेल्या आणि पीक नेमकं पोटरीत असेल, तेव्हा सावध व्हा.

ते नाजूक दिवस शेतात ओळखायचे कसे?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बांधापासून आत, मधल्या चुडातला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यातला) मुख्य फुटवा निवडा. सगळ्यात वरचं पान, म्हणजे ध्वजपान, आणि त्याच्या खालचं पान बघा. प्रत्येक पान जिथे खोडाभोवतीच्या आवरणाला मिळतं तिथे एक सांधा असतो. बोटाने चाचपला तर खरखरीत लागतो, बारीक लव असते. आधी ध्वजपानाचा सांधा खालच्या पानाच्या आवरणातच लपलेला असतो. मग तो वर सरकतो. हे दोन सांधे साधारण एका उंचीवर आले, की समजा परागकण घडण्याचे दिवस चालू आहेत.

खात्री करायची असेल तर एक फुटवा बुडाशी कापून नखाने उभा चिरा. आत पांढरीशुभ्र, कापसासारखी मऊ लोंबी दिसेल आणि तिच्यावर दाण्यांची बारीक टोकं. ती जमिनीपासून किती उंचीवर आहे ते बोटांनी मोजून ठेवा. पुढच्या उत्तरात हाच आकडा लागणार आहे. एका शेतातले सगळे फुटवे एकाच दिवशी या टप्प्यावर येत नाहीत, म्हणून आठवडा-दहा दिवस धोक्याचेच धरा.

त्या दिवसांत पाणी किती ठेवायचं?

पंधरा ते वीस सेंटिमीटर, म्हणजे भरपूर. कारण ती मऊ लोंबी त्या वेळी जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असते. पाण्याची पातळी तिच्या वर गेली की ती रात्रभर पाण्याच्या उबेत राहते, बाहेर हवा गार असली तरी. जपानात हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना भागात भातशेती यंत्रांवर चालते, तिथेही परागकण घडण्याच्या काळात शेतात वीस-पंचवीस सेंटिमीटर पाणी उभं करतात.

आपली अडचण बांधांची. आपल्या खाचरांचे बांध बरेचदा एवढं पाणी पेलत नाहीत, खेकड्यांची बिळं असतात. म्हणून बांधबंदिस्ती लावणीच्या वेळीच करून घ्या. आयत्या वेळी चिखल थापून बांध टिकत नाही. लोंबी धरायला लागल्यापासूनच पाणी दहा सेंटिमीटरपर्यंत चढवत नेलं तर आणखी चांगलं, कारण आधीची ऊबसुद्धा परागकणांची संख्या राखते. निसवण सुरू झाली की पातळी पुन्हा नेहमीसारखी पाच सेंटिमीटरवर आणा.

युरियाचा दुसरा हप्ता नेमका तेव्हाच येतो. देऊ का?

थंडीची लाट चालू असेल तर थांबा. नत्र जास्त झालेल्या पिकात थंडीने वांझ दाणे जास्त राहतात, हे पुन्हापुन्हा दिसून आलं आहे. पान काळपट हिरवं असेल तर हप्ता अर्धा करा. पीक फिकट असेल आणि पारा चढला असेल तर द्या.

पोचट लोंबी थंडीची की खोडकिड्याची?

लोंबी हाताने हळूच वर ओढा. खोडकिड्याची असेल तर ती अलगद निसटून येते, बुडाशी कुरतडलेली असते आणि अख्खी पांढरी फटक असते. हीच आपली नेहमीची पळींज. थंडीची लोंबी ओढून येत नाही. तिच्यात भरलेले आणि रिकामे दाणे मिसळलेले असतात, काही टरफलांवर तपकिरी डाग असतात आणि बऱ्याचदा लोंबीचा खालचा भाग आवरणातून पुरता बाहेरच पडलेला नसतो.

उन्हाच्या तडाख्याने राहिलेला पोचटपणाही असाच मिसळलेला दिसतो. तिथे तारीख बघा. फुलोरा एप्रिलच्या मध्यात, दुपारी अडतीस-चाळीस अंशांत आला असेल, तर दोष उन्हाचा. फुलोऱ्याच्या वेळी पस्तीसच्या वर गेलेली हवाही परागाला मारतेच.

म्हणजे लवकर पेरलं तर थंडी, उशिरा पेरलं तर ऊन. पेरावं कधी?

उन्हाळी भाताची खरी कसरत हीच, आणि म्हणून तारीख मागून मोजायची. सव्वाशे दिवसांची जात धरा. कापणीच्या आधी महिनाभर ती निसवते, निसवण्याच्या दहा-बारा दिवस आधी नाजूक टप्पा. त्यात थंडीमुळे रोपवाटिकेत जाणारे दहा-पंधरा दिवस मिळवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेलं भात फेब्रुवारीच्या पूर्वार्धात पोटरीत येतं, तेव्हा पहाटे अजून गार असतात. डिसेंबरच्या सुरुवातीचं मार्चच्या सुरुवातीला येतं, ते बरं. जानेवारीच्या मध्यावर पेरलेलं फुलोऱ्याला थेट एप्रिलच्या उन्हात सापडतं.

प्रत्यक्षात तारीख पाण्यावर ठरते. कर्जतचा राजनाला कालवा भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. कालव्याला पाणी कधी सुटणार ते कळलं की मगच लोक दाढ भाजायला, वाफे करायला घेतात. पाणी उशिरा येणार असेल तर विहिरीवर रोप आधी तयार करून ठेवा आणि हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी, जात घ्या. उशिरा तयार होणाऱ्या गरव्या जातींचा उन्हाळ्यात नाद नको.

थंडी सोसणारी जात कोणती?

ढोबळ मानाने भाताची दोन घराणी: इंडिका आणि जॅपोनिका. कोकणात आपण लावतो त्या जाती इंडिका, उष्ण प्रदेशातल्या, थंडीला हळव्या. जपान-कोरियातल्या आखूड, चिकट दाण्याच्या जाती जॅपोनिका, त्या जास्त सोशिक. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोल्ड-१ नावाचं जनुक दाखवून दिलं. थंडी पडल्याची खबर पेशीला देण्याचं काम ते करतं, आणि जॅपोनिकातल्या त्याच्या रूपात झालेल्या एका छोट्या बदलाने सोशिकपणा वाढलेला आहे.

म्हणून जपानी बी आणून कर्जतला लावावं का? मुळीच नाही. आपल्या दिवसमानाला, उन्हाला ते जुळत नाही आणि पीक फार लवकर निसवून बुटकं राहतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतलाच आहे. उन्हाळ्यासाठी शिफारस केलेली जात तिथे विचारा. मुंबईहून लोकलने जाऊन एका दिवसात परत येता येतं.

मग जिथे खरीच थंडी असते तिथे भात कसा पिकतो?

सोसून, आणि कधीकधी हरून. जपानच्या ईशान्येकडे उन्हाळ्यात समुद्रावरून यामासे नावाचा गार, ढगाळ वारा येतो. १९९३ साली तो ठाण मांडून बसला आणि देशाचं भातपीक सर्वसाधारण वर्षाच्या ७४ टक्क्यांवर आलं. आपल्या तांदळाचा एवढा अभिमान असलेल्या देशाला थायलंड, चीन आणि अमेरिकेतून तांदूळ आणावा लागला. तिथली सासानिशिकी ही नावाजलेली जात त्या वर्षी इतकी झोपली की शेतकऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि थंडी सोसणारी हितोमेबोरे जवळ केली. दक्षिण कोरियात १९८० मध्ये असंच झालं. जास्त उत्पन्न देणारी तोंगिल ही इंडिकाचं रक्त असलेली जात त्या गार उन्हाळ्यात कोलमडली.

दुसऱ्या बाजूला नेपाळातल्या जुमल्यात जुमली मार्शी हा लालसर तांदूळ अडीच-तीन हजार मीटर उंचीवर पिकतो. काश्मीरची खाचरं बर्फाच्या पाण्यावर भिजतात. तिथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं जपलेल्या जातींमध्येच उद्याच्या सोशिक भाताचं बियाणं आहे, आणि म्हणून अशी स्थानिक बियाणी हरवू देता कामा नये.

दाणे भरताना थंडी लागली तर चवीत फरक पडतो का?

पडतो. दाणे हळू भरतात, हिरवे राहतात आणि गिरणीत कणी जास्त पडते. जॅपोनिका जातींमध्ये तर गारव्यात भरलेल्या दाण्यात अमायलोज हा पिष्टाचा प्रकार वाढतो, त्यामुळे भात कमी चिकट, थोडा टणक होतो. आपल्या उन्हाळी भाताला हा प्रश्न नाही, त्याचे दाणे भरतात तेव्हा हवा चांगलीच तापलेली असते.

बियाणं मुंबईच्या घरात फ्रीजमध्ये ठेवलं तर थंडीने मरेल का?

नाही. थंडीची इजा ओल्या, जिवंत वाढत्या पेशीला होते. चांगलं वाळवलेलं बी थंडीत उलट जास्त टिकतं, बियाणे-पेढ्यांत ते उणे अठरा-वीस अंशांवर ठेवतात. फक्त हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. नाहीतर मुंबईची दमट हवा गार दाण्यावर पाणी धरते.

गॅलरीत बादलीत भात लावलाय. त्याला थंडीपासून जपायचं का?

मुंबईत त्याची गरज पडत नाही. त्या भाताला कमी पडतं ते ऊन.

मी फक्त शनिवार-रविवारी गावी जातो. एवढ्यात काय जमेल?

बरंच काही. डिसेंबरच्या फेरीत तापमापक लावा, बांधांची बिळं बुजवून घ्या. जानेवारीत पानं मोजून लावणीचा शनिवार ठरवा आणि मजुरांना आधी सांगून ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटापासून प्रत्येक फेरीत पाच-सहा ठिकाणचे सांधे बघा. ध्वजपानाचा सांधा खालच्या सांध्याच्या तीन-चार बोटं खाली असेल, तर पुढच्या शनिवारपर्यंत थांबू नका. पाणी चढवूनच परतीची गाडी पकडा. आठवड्याच्या मधे पहाटेचे आकडे घसरले तर घरी फोन करा आणि पातळी आणखी वाढवायला सांगा. पाण्याजवळ राहणारं माणूस तुमच्या वतीने हे करणार आहे, म्हणून एकदा त्यांना सोबत नेऊन फुटवा चिरून दाखवा. आतली ती पांढरी लोंबी स्वतः पाहिली की रात्री उठून मोरी बंद करायला कुणी कंटाळत नाही.